मागच्या दाराने आलेले विजेते: जे. एच. टेलर आणि इंग्लंडचे व्यावसायिक गोल्फपटू

ओपन गोल्फ स्पर्धा १८६० साली स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविक इथे सुरू झाली आणि पुढची तीन दशके तिने स्कॉटलंडची हद्द ओलांडली नाही. १८९४ च्या जूनमध्ये ती प्रथमच इंग्लंडमध्ये, केंट परगण्यातल्या सँडविचच्या समुद्रकाठच्या मैदानावर भरली आणि डेव्हनच्या एका तेवीस वर्षांच्या तरुणाने ती जिंकली. त्याचे नाव जॉन हेन्री टेलर. त्याच्याआधी जॉन बॉल आणि हॅरॉल्ड हिल्टन या दोन इंग्रजांनी ओपन जिंकली होती, पण ते दोघेही हौशी, सुखवस्तू घरांतले खेळाडू. गोल्फवर पोट भरणारा इंग्रज विजेता हा पहिलाच. बक्षीस होते ३० पौंडांचे. विजेता म्हणून त्याचे नाव वर्तमानपत्रांत झळकले खरे, तरी ज्या क्लबात तो नोकरीला होता तिथल्या मुख्य दालनात सभासदाच्या शेजारी बसण्याचा अधिकार त्याला नव्हता. कारागिरांनी, बॅगा वाहणाऱ्या कॅडींनी आणि व्यावसायिकांनी मागच्या बाजूने यायचे, कामापुरते बोलायचे आणि आपल्या शेडमध्ये परतायचे, असा तेव्हाचा रिवाज होता.

देशातला सर्वोत्तम खेळाडू आणि क्लबाचा नोकर ही दोन्ही माणसे एकच असतील, तर त्या माणसाची कारकीर्द मोजायची कशी? विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रज व्यावसायिक गोल्फपटूंविषयी लिहिताना हा प्रश्न टाळता येत नाही. तरी तो बहुतेक वेळा टाळला जातो, कारण विजेतेपदांची यादी हाताशी असते आणि ती देखणीही आहे. हॅरी व्हार्डन, जेम्स ब्रेड आणि टेलर या त्रिकुटाने १८९४ ते १९१४ या काळातल्या एकवीस ओपनपैकी सोळा आपसांत वाटून घेतल्या. व्हार्डनच्या सहा, ब्रेड आणि टेलरच्या प्रत्येकी पाच. उरलेल्या पाच स्पर्धा हिल्टन, सँडी हर्ड, जॅक व्हाइट, फ्रान्सचा आर्नो मासी आणि टेड रे यांनी जिंकल्या. या हिशेबात टेलर नेहमी तिसऱ्या जागेवर ढकलला जातो. व्हार्डनचे एक विजेतेपद जास्त, त्याच्या नावाने ओळखली जाणारी पकड आजही जगभर शिकवली जाते. ब्रेड लांब फटक्यांचा आणि त्याने आखलेली मैदाने गावोगाव आहेत. टेलरच्या वाट्याला अचूक खेळ आणि करारी हनुवटी एवढेच वर्णन येते. माझ्या मते ही मोजणीच चुकीच्या जागी होते. तिघांत सर्वांत दूरगामी काम टेलरचे आहे, आणि त्याचा मोठा भाग मैदानाबाहेरचा आहे.

टेलरचा जन्म १९ मार्च १८७१ चा, उत्तर डेव्हनमधल्या नॉर्थम गावचा. घर मजुराचे. वडील तो लहान असतानाच गेले आणि आईने मिळेल ते काम करून मुले वाढवली. गावाच्या खाली, दगडगोट्यांच्या नैसर्गिक बांधाआड नॉर्थम बरोज नावाचे मोठे गायरान आहे. तिथे गावकऱ्यांना गुरे चारण्याचा पिढीजात हक्क होता आणि आजही खेळ चालू असताना मेंढ्या आणि घोडी मैदानावर चरत असतात. याच गायरानावर १८६४ साली रॉयल नॉर्थ डेव्हन हा क्लब उभा राहिला. शेजारच्या वस्तीला चार्ल्स किंग्सलीच्या कादंबरीवरून वेस्टवर्ड हो! हे नाव पडले होते आणि पुढे मैदानही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. म्हणजे जमीन गावाची, खेळ बाहेरून आलेल्या साहेबलोकांचा आणि त्यांच्या बॅगा वाहणारी पोरे पुन्हा गावची.

टेलर त्या पोरांपैकी एक होता. अकराव्या वर्षी त्याची शाळा सुटली. सकाळी कॅडी, मग हचिन्सन कुटुंबाच्या घरी पडेल ते काम करणारा पोऱ्या. त्या घरचा मुलगा होरेस हचिन्सन १८८६ आणि १८८७ साली हौशी खेळाडूंचा विजेता झाला आणि गोल्फवरचा नामांकित लेखकही. पुढे टेलरने माळ्याच्या हाताखाली काम केले, गवंड्याकडे मजुरी केली. सैन्यात भरती व्हायला गेला तेव्हा अधू नजर आणि सपाट तळपाय यांमुळे त्याला नाकारले गेले. सतराव्या वर्षी तो मैदानाची निगा राखणाऱ्या गड्यांत लागला. नॉर्थमच्या कष्टकऱ्यांनी १८८८ च्या सुमारास स्वतःचा क्लब काढला होता. साहेबांचा खेळ आटोपल्यावर आणि त्यांच्या परवानगीने त्याच गायरानावर ही माणसे खेळत. टेलरचा खेळ तिथे घडला. ज्या डोळ्यांमुळे सैन्याने त्याला परत पाठवले त्याच डोळ्यांनी तो पुढे झेंड्याच्या जवळ चेंडू टाकत राहिला.

१८९१ साली तो सॉमरसेटमधल्या बर्नहॅम इथे मैदानरक्षक आणि व्यावसायिक म्हणून रुजू झाला. मैदानरक्षक आणि व्यावसायिक ही दोन्ही कामे एकाच पगारात, हे इथे लक्षात घ्यावे. बर्नहॅमला असतानाच त्याने सेंट अँड्र्यूजच्या अँड्र्यू कर्कॉल्डीला सामन्यात हरवले. कर्कॉल्डी तेव्हा विंचेस्टरला नोकरीत होता. मनाने दिलदार असलेल्या त्या स्कॉट माणसाने स्वतः सोडलेल्या जागेसाठी टेलरचीच शिफारस केली. विंचेस्टरनंतर रॉयल विम्बल्डन आणि १८९९ पासून रिचमंडच्या ओल्ड डिअर पार्कमधला रॉयल मिड-सरे. तिथे तो १९४६ पर्यंत, म्हणजे तब्बल सत्तेचाळीस वर्षे राहिला.

क्लबाचा व्यावसायिक दिवसभर करायचा काय, हे आजच्या वाचकाला डोळ्यांपुढे आणायला हवे, कारण दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या खेळाडूशी त्याचे फार थोडे साम्य आहे. क्लबाकडून मिळणारा ठरावीक पगार तुटपुंजा असे. खरी कमाई मैदानाच्या कडेला असलेल्या लाकडी शेडमधून. तिथे कामाचे बाक, कानशी, पटाशी आणि विस्तवावर सरसाचे भांडे. हिकरीच्या लाकडाचे दांडे तासून, घासून हव्या त्या लवचिकतेवर आणायचे. बीच किंवा पर्सिमनच्या लाकडातून स्टिकचे डोके कोरायचे, मागच्या बाजूला खोबण करून त्यात शिसे ओतायचे, दांडा आणि डोके तिरप्या कापाने सरसात जोडून त्यावर मेण लावलेला दोरा घट्ट गुंडाळायचा. मुठीवर मेंढ्याच्या कातड्याची पट्टी. चेंडू गटापर्चाचे, म्हणजे मलायातल्या झाडांच्या चिकापासून केलेले. ते खेळून खेळून चिरले की सभासद शेडमध्ये आणून टाकी. व्यावसायिक ते गरम पाण्यात मऊ करी, हाताने वळून साच्यात दाबी, थंड करी, वाळवी आणि पांढरा रंग देऊन पुन्हा विकी. जोडीला तासाच्या हिशेबाने शिकवणी आणि एखाद्या सभासदाला जोडीदार नसला तर त्याच्याबरोबर फेरी. या सगळ्यातून सवड मिळाली तर स्वतःचा सराव, आणि क्लबाच्या समितीने रजा दिली तर स्पर्धा.

टेलरने बालमित्र जॉर्ज कॅन याच्याबरोबर स्टिक तयार करण्याची भागीदारी याच काळात उभी केली. कॅन अँड टेलर या नावाने चाललेला तो धंदा अमेरिकेपर्यंत पोचला. त्याच्या कारकिर्दीत हा व्यवहारी धागा सतत दिसतो. १९०० साली तो अमेरिकेला गेला तो धंद्याच्या निमित्ताने. त्याच वर्षी व्हार्डन एका क्रीडासाहित्य कंपनीच्या चेंडूचा प्रचार करत तिथे फिरत होता. दोघे शिकागो गोल्फ क्लबवर अमेरिकन ओपन खेळले. व्हार्डन ३१३ फटक्यांत पहिला, टेलर ३१५ मध्ये दुसरा.

आता मैदानावरच्या कामगिरीकडे. १८९३ साली प्रेस्टविकला टेलर पहिली ओपन खेळला. पहिली फेरी ७५ फटक्यांत संपवून त्याने स्कॉट मंडळींना चकित केले, पण पुढच्या फेऱ्यांत तो मागे पडला. पुढच्या वर्षी सँडविच. तिथे वाळूच्या टेकड्यांआडून, ग्रीन दिसत नसताना चेंडू मारावा लागे आणि दिशा कळावी म्हणून टेकड्यांवर खांब रोवलेले असत. टेलर इतका सरळ मारतो की त्याच्या वाटेतला अडथळा म्हणजे फक्त ते खांब, असे तेव्हा बोलले जाई. ३२६ फटक्यांत त्याने पाच फटक्यांच्या फरकाने स्पर्धा जिंकली. इंग्लंडमध्ये जिंकलास, आता आमच्याकडे ये, ही स्कॉटलंडची भावना स्वाभाविक होती. १८९५ साली खुद्द सेंट अँड्र्यूजवर ३२२ फटक्यांत जिंकून त्याने तिला उत्तर दिले. तिसऱ्यांदा सलग जिंकण्याची संधी १८९६ मध्ये म्युरफील्डला व्हार्डनने हिरावली. दोघांची बरोबरी झाली आणि निर्णायक फेऱ्यांत व्हार्डन सरस ठरला. १९०० साली टेलर पुन्हा सेंट अँड्र्यूजवर ३०९ फटक्यांत, व्हार्डनच्या आठ फटके पुढे राहून जिंकला.

त्याची पद्धत दिसायला देखणी नव्हती. व्हार्डनच्या फटक्यातली सहजता तिच्यात शोधून सापडत नसे. दोन्ही पाय जमिनीत रोवलेले, स्टिकचा फिरवा आखूड, चेंडू मारल्यानंतर हात लगेच आवरते घेतलेले. मॅशी या मधल्या लोखंडी स्टिकवर त्याची हुकमत होती. लांबून मारलेला चेंडू ग्रीनच्या आसपास पडला तरी लोकांना पुरे वाटे, तो मात्र त्याच अंतरावरून झेंड्याचा नेम धरी. कमी उंचीवरून, दाबून मारलेला चेंडू वाऱ्याला दाद देत नाही. उघड्या समुद्रकाठी वाढलेल्या मुलाला हे शिकवायला कोणी लागत नाही.

१९०४ ते १९०७ ही चार वर्षे मला त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत बोलकी वाटतात, आणि त्या चारही वर्षी तो हरला. १९०४ साली सँडविचला त्याने शेवटची फेरी ६८ फटक्यांत खेळली. ओपनमध्ये तोवर एवढी कमी फटक्यांची फेरी कोणी खेळले नव्हते. तरी जॅक व्हाइट एका फटक्याने पुढे राहिला. १९०५ आणि १९०६ मध्ये ब्रेड पहिला, टेलर दुसऱ्या स्थानावर. १९०७ साली हॉयलेकला मासी पहिला, टेलर पुन्हा दुसरा. युरोप खंडातला खेळाडू ओपन जिंकण्याची ती पहिलीच वेळ. सलग चार वर्षे दुसरे येणाऱ्या माणसाला उतरणीला लागलेला समजण्याची घाई लोक करतात. १९०९ साली डीलला त्याने सहा फटक्यांनी चौथे विजेतेपद घेतले. शिवाय १९०८ आणि १९०९ ची फ्रेंच ओपन, १९१२ ची जर्मन ओपन आणि व्यावसायिकांच्या आमनेसामनेच्या स्पर्धेत १९०४ आणि १९०८ ही वर्षे त्याच्या नावावर आहेत.

१९१३ च्या हॉयलेकवर थोडे थांबायला हवे. टेलर बेचाळीस वर्षांचा होता. मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेरीतून तो जेमतेम आत आला. शेवटच्या ग्रीनवरचा पुट गेला नसता तर स्पर्धेबाहेरच होता. शेवटच्या दिवशी पश्चिमेकडून वादळी वारा आणि पाऊस. तंबू उडत होते, भल्या भल्या खेळाडूंचे चेंडू वाऱ्याने भरकटत होते. टेलरने टोपी कपाळावर खाली ओढली, हनुवटी पुढे काढली, बूट ओल्या गवतात घट्ट रुतवले आणि चेंडू वाऱ्याच्या खालून सरकवायला सुरुवात केली. लांबीचा मोह नाही, उंचीचा मोह नाही. दांड्यावर हात जरा खाली सरकवलेले, फिरवा नेहमीपेक्षाही आखूड. त्या हवेत सरळ उभे राहणे कठीण असताना तो ग्रीनमागून ग्रीन गाठत गेला आणि ३०४ फटक्यांत, गतविजेत्या टेड रेला आठ फटके मागे ठेवून जिंकला. चार्ल्स डार्विनचा नातू आणि ‘द टाइम्स’चा गोल्फ वार्ताहर बर्नार्ड डार्विन याने टेलरच्या खेळाविषयी जे लिहून ठेवले आहे त्यात ही फेरी मानाच्या जागी आहे, आणि ते योग्यच आहे. वर्षभराने प्रेस्टविकला तीन फेऱ्यांअखेर टेलर व्हार्डनच्या दोन फटके पुढे होता. दोघे पाच-पाच विजेतेपदांवर, शेवटच्या दिवशी एकाच जोडीत, भोवती अनावर गर्दी. टेलरची शेवटची फेरी ८३ वर घसरली आणि सहावे विजेतेपद व्हार्डनला गेले. काही आठवड्यांत महायुद्ध पेटले आणि १९२० पर्यंत ओपन झालीच नाही.

या त्रिकुटाच्या गोष्टीत जे एरवी तळटीपेत जाते ते आता. १९०१ साली इंग्लंडमधल्या व्यावसायिकांवर नवे संकट आले होते. काही क्लबांनी शेडमधला विक्रीचा हक्क व्यावसायिकाकडून काढून स्वतःकडे घ्यायला किंवा दुसऱ्याला द्यायला सुरुवात केली. पगार आधीच तुटपुंजा. चेंडू आणि स्टिकची विक्री गेली की त्या माणसाचे घर कशावर चालणार? या अस्वस्थतेतून त्याच वर्षी लंडन आणि आसपासच्या परगण्यांतल्या व्यावसायिकांची संघटना उभी राहिली, ती पुढे देशव्यापी होऊन प्रोफेशनल गोल्फर्स असोसिएशन झाली. टेलर पहिला अध्यक्ष, ब्रेड पहिला कर्णधार. मानाचे अध्यक्षपद राजकारणी आणि गोल्फवेडे आर्थर बाल्फोर यांच्याकडे गेले. पुढच्याच वर्षी ते ब्रिटनचे पंतप्रधान झाले. संघटनेची उद्दिष्टे साधी होती: सभासदांच्या हिताचे रक्षण, स्पर्धा भरवणे, अडचणीतल्या सभासदांसाठी मदतनिधी, आणि नोकरी शोधणाऱ्याला जागा मिळवून देणे. अमेरिकेतल्या व्यावसायिकांची अशी संघटना १९१६ साली झाली, म्हणजे पंधरा वर्षांनी.

ही कामगार संघटना होती का? संप, मोर्चा, मागणीपत्र यांचा मागमूस तिच्यात दिसत नाही. क्लबाच्या समितीतल्या प्रतिष्ठितांना मानाने जवळ घेऊन, आमचा माणूस प्रामाणिक आहे, निर्व्यसनी आहे, त्याच्यावर भरवसा ठेवा, असे पटवून देण्याचा तिचा मार्ग होता. टेलरच्या आधीच्या पिढीतल्या कित्येक व्यावसायिकांची कीर्ती दारूमुळे डागाळलेली होती आणि समित्या त्याच सबबीवर त्यांना तुच्छ लेखत. टेलर स्वतः कडक शिस्तीचा. अकराव्या वर्षी शाळा सुटलेल्या या माणसाने रात्री वाचून आपली भाषा घडवली. सभेत तो उत्तम बोले. १९०२ साली त्याचे ‘टेलर ऑन गोल्फ’ आले, आणि १९४३ साली आत्मचरित्र ‘गोल्फ: माय लाइफ्स वर्क’. त्यातली भारदस्त, लांब वाक्ये वाचताना समितीच्या टेबलासमोर उभा असलेला माणूस दिसतो. समोरच्याच्या भाषेत त्याच्याइतकेच चांगले बोलून दाखवणे ही त्याची लढाई होती. या मार्गाला कोणी लाचारी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्याची नोकरी समितीच्या एका ठरावाने जाऊ शकते, त्याच्यासाठी मदतनिधी आणि नोकरीचा शोध या गोष्टी आत्मसन्मानाच्या घोषणेआधी येतात.

संघटना उभी राहते न राहते तोच धंद्याच्या मुळावर घाव घालणारा दुसरा बदल आला. अमेरिकेतल्या कोबर्न हॅस्केलने रबराचा धागा ताणून गुंडाळलेला चेंडू काढला होता. १९०२ च्या हॉयलेक ओपनमध्ये सँडी हर्ड तो चेंडू खेळला आणि जिंकला. बहुतेक नामांकित खेळाडू तेव्हा गटापर्चालाच चिकटून होते. नवा चेंडू लांब जाई, चुकीचा फटकाही पोटात घेई. टेलरसारख्या अचूक खेळाडूची आघाडी त्यामुळे काही प्रमाणात पुसली गेली. पण खरा फटका शेडला बसला. गटापर्चाचा चेंडू वितळवून पुन्हा घडवता येई, रबराचा चेंडू कारखान्यातच होई. व्यावसायिक हळूहळू कारागिराचा दुकानदार झाला. दांडे तासणारे हात उरले, पण चेंडू साच्यातून काढणारे उरले नाहीत. तरी त्याच काळात बाहेरून पैसा येऊ लागला. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकाने १९०३ पासून व्यावसायिकांसाठी स्पर्धा सुरू केली आणि ती वर्षानुवर्षे चालली. वृत्तपत्राचा पैसा, संघटनेची व्यवस्था आणि खेळाडूंचा खेळ ही आजच्या व्यावसायिक गोल्फची घडण तेव्हाच पडलेली दिसते.

मैदानांच्या आखणीतही टेलरचा हात होता. मिड-सरेची जमीन सपाट. पहिल्या महायुद्धाच्या आधी त्याने तिथला मैदानरक्षक पीटर लीस याच्यासोबत माती हलवून उंचवटे आणि खळगे तयार केले. सपाट जागी समुद्रकाठची उंचसखलता आणण्याचा तो प्रयोग तेव्हा खूप गाजला. पुढे फ्रेड हॉट्री याच्या भागीदारीत त्याने बरीच मैदाने आखली. लँकशरच्या किनाऱ्यावरचे रॉयल बर्कडेल हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला या दोघांनी तिथली खेळाची वाट वाळूच्या टेकड्यांवरून न नेता त्यांच्यामधल्या दऱ्यांतून नेली. त्यामुळे मैदान न्याय्य झाले आणि बघणाऱ्यांना बसायला दोन्ही बाजूंच्या टेकड्या मिळाल्या. १९५४ पासून तिथे ओपन होत आली आहे.

मला मात्र त्याचे सार्वजनिक मैदानांसाठीचे काम अधिक मोलाचे वाटते. १९२१ साली टेलर आणि हॉट्री यांच्या पुढाकाराने कष्टकरी गोल्फपटूंच्या क्लबांची देशव्यापी संघटना झाली. हे क्लब म्हणजे गवंडी, सुतार, टपालवाले, रेल्वेतले कामगार. मोठ्या क्लबाच्या मैदानावर ठरलेल्या वेळी खेळण्याची मुभा आणि त्या बदल्यात मैदानाची डागडुजी, असा त्यांचा सौदा. नॉर्थमच्या क्लबाचीच ही मोठी आवृत्ती. लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये कोणालाही माफक शुल्कात खेळता येईल असे मैदान व्हावे म्हणून टेलरने पाठपुरावा केला. १९२३ मध्ये ते मैदान प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते खुले झाले आणि दोनेक वर्षांत शेजारी दुसरे झाले. १९२७ साली सार्वजनिक मैदानांची संघटनाही निघाली. ज्याला गोल्फ खेळायचे त्याने आधी सभासद व्हावे, आणि सभासद होण्यासाठी आधी विशिष्ट घरात जन्मावे, या साखळीतली पहिली कडी इथे तुटली. क्लबाच्या दारावर टेलरने धडक दिली नाही, क्लबाची गरजच न पडणारी जागा मात्र उभी केली.

दारावर धडक दिली ती अमेरिकन वॉल्टर हेगनने. १९२० साली डीलच्या ओपनला व्यावसायिकांना क्लबहाउसमध्ये कपडे बदलू देत नाहीत म्हटल्यावर त्याने भाड्याची आलिशान मोटार दारासमोर उभी केली आणि तिचीच खोली केली. त्याच उन्हाळ्यात ओहायोतल्या इनव्हर्नेस क्लबने अमेरिकन ओपनसाठी आलेल्या व्यावसायिकांना क्लबहाउस खुले केले. ती स्पर्धा जर्सी बेटावरच्या टेड रेने जिंकली. १९२३ साली ट्रूनला बक्षीस समारंभासाठी आत बोलावले तेव्हा आठवडाभर बाहेर ठेवलेल्या हेगनने नकार दिला आणि लोकांना घेऊन गावातला गुत्ता गाठला. क्रिकेटमध्ये हौशी खेळाडूच्या नावामागे ‘मिस्टर’ आणि व्यावसायिकाचे नुसते आडनाव छापणाऱ्या, दोघांना वेगवेगळ्या दारांनी मैदानात उतरवणाऱ्या इंग्लंडला हा उद्धटपणा वाटला. क्रिकेटमधला तो भेद १९६२ मध्ये संपवला गेला, यावरून त्याची मुळे किती खोल होती ते कळते.

हेगनला नायक करून टेलरला जुनाट ठरवण्याची पद्धत पडली आहे. ती अपुरी आहे. हेगनची कमाई प्रदर्शनी सामन्यांतून येई, कुठल्या क्लबाच्या शेडवर ती अवलंबून नव्हती. त्याला समितीची भीती नव्हती. विंचेस्टरच्या किंवा बर्नहॅमच्या व्यावसायिकाला ती होती. हेगनच्या मोटारीने एका दिवसात जी लाज उघडी पाडली ती टेलरच्या पिढीने वीस वर्षांत पाडली नाही, हे मान्य करायलाच हवे. पण म्हाताऱ्या व्यावसायिकाला मदतनिधीतून चार पैसे, नोकरी सुटलेल्याला दुसऱ्या क्लबाचा पत्ता, ही कामे मोटारीने होत नाहीत.

वीसच्या दशकात ओपनचा चषक अटलांटिकपार गेला. १९२१ पासून १९३३ पर्यंत ब्रिटनमध्ये राहणारा एकच खेळाडू, आर्थर हेव्हर्स, १९२३ साली ती जिंकू शकला. टेलर १९२४ मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी हॉयलेकला पाचवा आला. याच काळातला ॲब मिचेल हा इंग्रज खेळाडू क्लबाच्या नोकरीच्या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. कष्टकरी घरातला, दूर फटके मारणारा, १९२० साली डीलला मोठी आघाडी घेऊन ती गमावलेला. सेंट ऑल्बन्सचे बियाण्यांचे व्यापारी सॅम्युअल रायडर यांनी त्याला खासगी शिक्षक म्हणून वर्षाला ५०० पौंडांवर ठेवले. ब्रिटन आणि अमेरिकेच्या संघांत सुरू झालेल्या रायडर चषकाच्या टोकावर उभी असलेली आकृती मिचेलची आहे. १९२७ च्या पहिल्या सामन्याला आंत्रपुच्छाच्या दुखण्यामुळे तो जाऊ शकला नाही. क्लबाच्या नोकरीतून सुटका झाली ती एका धनिकाच्या नोकरीत.

१९३३ साली साउथपोर्टला ब्रिटनच्या रायडर चषक संघाची धुरा बासष्ट वर्षांच्या टेलरकडे आली. स्वतः न खेळता कर्णधारपद करणारा तो पहिलाच. त्याने कसरतीचा शिक्षक आणला आणि खेळाडूंना पहाटे वाळूवर धावायला लावले. अमेरिकेचा कर्णधार हेगनच होता. संघाच्या याद्या बदलण्याच्या ठरल्या वेळी तो आलाच नाही, पुन्हा वेळ दिली तरी आला नाही आणि टेलरने सामना रद्द करण्याचा इशारा दिल्यावर तो हजर झाला, असे सांगतात. शेवटच्या ग्रीनवर डेन्समोर श्यूटला तीन पुट लागले आणि सिड ईस्टरब्रुकने ब्रिटनला ६½ विरुद्ध ५½ असा विजय मिळवून दिला. त्यानंतर ब्रिटनला हा चषक थेट १९५७ साली मिळाला.

पुढच्या वर्षी सँडविचला हेन्री कॉटनने ओपन जिंकली. कॉटन डलिचच्या चांगल्या शाळेत शिकलेला, मध्यमवर्गीय घरातला. अशा मुलाने हौशी न राहता व्यावसायिक व्हायचे ठरवावे, ही १८९१ मध्ये कल्पनेतही न बसणारी गोष्ट होती. तो टेलरच्या वाटेने गेला की हेगनच्या, याचे उत्तर दोघांच्या, असेच द्यावे लागते. टेलर मात्र कॉटनच्या जगात कधी गेला नाही. १९४६ पर्यंत मिड-सरेचा नोकर राहिला, मग नॉर्थमला परतला. रॉयल नॉर्थ डेव्हनने १९५७ साली त्याला आपले अध्यक्षपद दिले. १० फेब्रुवारी १९६३ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी तो वारला.

या विषयावरचे लेखन अजूनही विजेत्यांभोवती फिरते. टेलरचे आत्मचरित्र, डार्विनचे लेख, व्हार्डनची पुस्तके, हे सारे पहिल्या रांगेतल्यांचे आहे. संघटनेला ज्यांच्यासाठी उभे राहावे लागले ती माणसे वेगळी: परगण्यातल्या एखाद्या लहान क्लबात तीस वर्षे दांडे तासणारा, ओपनची पात्रता फेरीही पार न करणारा, रजेसाठी समितीला अर्ज करणारा व्यावसायिक. त्याने आत्मचरित्र लिहिले नाही. त्याचा पगार किती वाढला, शेडचा हक्क कधी गेला आणि कधी परत मिळाला, म्हातारपणी त्याला कोणी विचारले का, हे क्लबांच्या समित्यांच्या इतिवृत्तांत आणि संघटनेच्या मदतनिधीच्या वह्यांत शोधावे लागेल. टेलरने उभे केलेले काम कितपत साधले याचा खरा हिशेब तिथून निघेल.